पुराच्या चित्राखालची ओळ आणि आमच्या भिंतींवरचे हंस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आल्फ्रेद सिस्ले या चित्रकाराचे ‘पोर्ट-मार्लीचा पूर’ हे १८७६ चे तैलचित्र रंगीत छापले. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्राने नदीच्या एका चित्राला अर्धे पान द्यावे, याचा मला फार आनंद झाला. पण चित्राखाली ‘पॅरिसजवळचा प्रसन्न नदीकाठ’ अशी ओळ आहे. ती दुरुस्त व्हावी म्हणून हे पत्र. चित्रात समोर जे पाणी दिसते ते नदीचे पात्र नव्हे, तो गावातला रस्ता आहे. डावीकडची उंच इमारत वाइन विकणाऱ्याच्या दुकानाची. तिच्या दाराशी होड्या लागल्या आहेत, कारण त्या दिवशी दारापर्यंत चालत जायला जमीनच उरली नव्हती. त्या वर्षी मार्चमध्ये सीन नदी पात्र सोडून गावात शिरली होती आणि जवळच मार्ली-ल-रुआ गावात राहणारा सिस्ले रंगांची पेटी घेऊन तिथे गेला होता.

मी गंगाखेडला बोर्ड रंगवतो. किराणा, खत-बियाणे, सलून, सोनार, शाळांच्या भिंती, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाक्या, पोळ्याला बैलांची शिंगे, लग्नघरी दारावरचा गणपती, असे सगळे काम हातून गेले आहे. चित्रकलेच्या कॉलेजात मी गेलेलो नाही. उस्तादांच्या हाताखाली ब्रश धुता धुता शिकलो. उस्ताद तरुणपणी हैदराबादेत सिनेमाचे बॅनर रंगवून आलेले होते. लांबून काय दिसते आणि जवळून काय दिसते, यातला फरक त्यांनी मला शिडीवरून खाली उतरवून, रस्त्याच्या पलीकडे उभे करून शिकवला. त्यामुळे कुठलेही चित्र समोर आले की माझी नजर आधी त्यातल्या पाटीवर जाते आणि मग ते चित्र मी दोन अंतरांवरून पाहतो.

हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोबाईलवरही मोठे करून पाहता येते. छापील चित्रात दुकानाची पाटी नीट उमटली नाही, पण तिथे दिसते. दुकानाचे नाव ‘आ सां निकोला’. हे संत निकोलस म्हणजे नावाड्यांचे रक्षण करणारे संत, अशी तिकडची श्रद्धा आहे. नदीकाठच्या दुकानाला त्यांचे नाव असणे साहजिकच. आमच्या गावात संत जनाबाईंच्या नावाने किती दुकाने असतील! पूर आलेला, तळमजला पाण्यात, आणि तरी चित्रकाराने पाटी सोडली नाही. कुणाचे दुकान बुडाले हे चित्र पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असे त्याला वाटले असणार. मी आयुष्यभर पाट्याच रंगवल्या, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता पाण्याकडे पाहा. इमारतीची फिकट भिंत जिथे पाण्यात उतरते तिथे ब्रशची चाल बदलली आहे. वर भिंतीला सपाट हात, खाली आडवे तुटक फटकारे, आणि त्या फटकाऱ्यांच्या मधून आकाशाचा निळसर करडा रंग डोकावतो. रंग एकमेकांत घोटून गुळगुळीत केलेले नाहीत, एकाला लागून दुसरा ठेवला आहे. मोबाईलवर चित्र मोठे केले की नुसते फटकारे उरतात. हात लांब केला की पाणी हलायला लागते. उस्तादांनी रस्त्याच्या पलीकडे उभे करून जे दाखवले होते, तेच हे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडल्यावर गोदाकाठच्या गावांत पूर शिरला, तेव्हा मी स्वतः रंगवलेली एका दुकानाची पाटी पाण्यात उलटी पाहिली आहे. पिवळ्यावर लाल अक्षरे होती. पाण्यात अक्षरे ओळखू येत होती, पण काना आणि मात्रा तुटून वेगळ्या झाल्या होत्या आणि पाणी हलले की जोडल्या जात होत्या. पिवळा रंग मातीच्या पाण्यात पार विरला, लाल मात्र टिकला. सिस्लेच्या पाण्यातही हेच आहे: काही रंग पाणी गिळते, काही धरून ठेवते. हे घरी बसून, मनाने कुणाला काढता येणार नाही. त्यासाठी पाण्यासमोर उभे राहावेच लागते.

चित्र प्रसन्न वाटते, हे मात्र मलाही मान्य आहे, आणि आपल्या उपसंपादकांनी ती ओळ कशामुळे लिहिली असेल हेही समजते. चित्राचा मोठा भाग आकाशाने व्यापला आहे. ढग मोकळे आहेत, ऊन पडले आहे, होडीतली माणसे घाबरलेली दिसत नाहीत. पण पूर पाहिलेल्या माणसाला हा दिवस ओळखू येतो. पाणी चढत असते तेव्हा आवाज असतो, धावपळ असते, पोती वर टाकणे, जनावरे सोडणे, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेणे असते. मग कधीतरी पाणी चढायचे थांबते. उतरायला अजून वेळ असतो. पाऊस उघडलेला असतो, ऊन पडते आणि सगळे गाव चकाकायला लागते. त्या वेळी माणसे गप्प असतात, कारण करण्यासारखे काही उरलेले नसते; नुकसान किती झाले ते पाणी उतरल्यावरच कळणार असते. सिस्लेने तो मधला दिवस रंगवला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्याच फुगल्या, पिके आणि जमिनीची मातीसुद्धा वाहून गेली. त्यानंतर पाणी थांबलेल्या सकाळी ज्यांनी दारात उभे राहून ऊन पाहिले, त्यांनी हे चित्र पाहावे. त्यांना ते कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

सिस्लेने एका पत्रात लिहिले आहे की चित्राची सुरुवात तो नेहमी आकाशापासून करतो. आम्हीही भिंत वरून खाली रंगवतो, पण रंगाचे ओघळ खाली येतात म्हणून. त्याचे कारण वेगळे होते. आकाशाचा उजेड ठरल्याशिवाय खालच्या कुठल्याच वस्तूचा रंग ठरत नाही, पाण्याचा तर नाहीच. आमच्याकडे शाळेतल्या पोराला नदी काढ म्हटले की तो दोन डोंगर काढतो, मधून सूर्य काढतो आणि खाली निळी नदी सोडतो. पोराचा त्यात काही दोष नाही, त्याला आपण पुस्तकातली नदी दाखवली. गोदावरी वर्षभरात फार थोडे दिवस निळी असते. मृगाच्या पावसानंतर ती चहासारखी होते. तेव्हा बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात यलो ऑकर हा मातकट पिवळा घालावा लागतो आणि वर जरा पांढरा. कार्तिकात हिरवट होते. पौषात सकाळी धुक्यात तिला रंगच नसतो, काठही नसतो, फक्त रेल्वेच्या पुलाचे खांब अर्धे दिसतात. चैत्र-वैशाखात पात्रात डोह तेवढे उरतात, कडेला शेवाळ, आणि दुपारच्या उन्हात वाळू इतकी पांढरी होते की डोळे मिटावे लागतात. त्या वाळूवर काठच्या बाभळीची सावली पडते ती काळी नसते, जांभळट निळी असते. आमच्या धंद्यात सावली म्हणजे काळी शेड, अक्षराच्या उजवीकडे आणि खाली. सिस्ले आणि त्याच्या बरोबरीचे चित्रकार मोने, पिसारो या मंडळींनी सावलीत निळा आणि जांभळा पाहिला तेव्हा लोकांनी त्यांना नावे ठेवली. वैशाखात दुपारी बारा वाजता गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळवंटात उभा राहिलेला माणूस त्यांना नावे ठेवणार नाही.

नावे ठेवणारे बरेच होते. १८७४ च्या एप्रिलमध्ये या चित्रकारांनी पॅरिसमध्ये आपले पहिले प्रदर्शन भरवले. तिथे मोनेचे ‘इंप्रेशन, सूर्योदय’ हे ल आव्र बंदराचे चित्र होते. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्यावर लिहिले की भिंतीला चिकटवायचा कच्चा कागदसुद्धा या समुद्राच्या चित्रापेक्षा पूर्ण झालेला असतो. त्याच चित्राच्या नावावरून या चित्रकारांना इंप्रेशनिस्ट हे नाव पडले आणि पुढे तेच रूढ झाले. आमची गिऱ्हाइके याच गोष्टीला फिनिशिंग म्हणतात. “पेंटर, फिनिशिंग पाहिजे बरं का.” फिनिशिंग मलाही आवडते, अक्षराची कड सुतासारखी सरळ आली पाहिजे, यावर मी आजही पोरांना रागावतो. पण पाण्याला कड नसते. पाण्याचे फिनिशिंग करायला गेले की त्याचा पत्रा होतो.

ही माणसे उघड्यावर बसून तैलरंगात चित्रे काढू शकली त्यामागे एक साधी वस्तू आहे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी कथलाची, पिळता येणारी ट्यूब काढली. त्याआधी तेलात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवावा लागे. ती फुटे, सांडे, उघडली की रंग वाळे. ट्यूब आली आणि रंगांची पेटी खांद्याला लावून नदीवर जाता येऊ लागले. त्या रंगात घातलेले तेल जवसाचे. जवस आपल्याच रानात पिकते, त्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. जगातल्या मोठ्या संग्रहालयांतली तैलचित्रे बहुतेक या तेलावर टिकून आहेत, हे आमच्या शाळांतल्या पोरांना कुणीतरी सांगितले पाहिजे.

सिस्लेबद्दल आपल्या लेखात दोनच ओळी आहेत, म्हणून थोडे लिहितो. त्याचा जन्म १८३९ मध्ये पॅरिसमध्ये झाला, आईवडील इंग्रज. वडील रेशमाचे व्यापारी. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांचा धंदा बुडाला आणि तेव्हापासून सिस्लेला चित्रे विकूनच घर चालवावे लागले. ती विकली जात नसत. पुराचे हे चित्र १८७६ मध्ये १८० फ्रँकला गेले. १८९९ च्या जानेवारीत तो घशाच्या कर्करोगाने, गरिबीतच वारला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये हेच चित्र लिलावात निघाले आणि इसाक द कामोंदो या धनिकाने ते ४३,००० फ्रँकला घेतले. त्याने आपला संग्रह देशाला दिला म्हणून आज ते आपल्याला पाहायला मिळते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

याच गावाचे सिस्लेचे आणखी एक चित्र आहे, १८७५ चे, म्हणजे पुराच्या आदल्या वर्षीचे. ते अमेरिकेत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नाव ‘पोर्ट-मार्लीची सीन नदी : वाळूचे ढीग’. पुढे काठावर वाळूचे ढीग, पाण्यात रोवलेले खुंट आणि लहान लहान होड्यांत उभी राहिलेली माणसे लांब दांड्याच्या बादल्यांनी नदीच्या तळातून वाळू काढत आहेत. मालवाहू नावांना वाट मिळावी म्हणून तळ उपसायचा आणि ती वाळू बांधकामाला विकायची, असा तो धंदा होता. संपादक महोदय, हे चित्र पाहून मी ते आमच्या गल्लीत दिसेल त्याला दाखवले. नांदेडच्या बाजूला तराफ्यावरून बुड्या मारून टोपल्यांनी वाळू काढणारी माणसे आहेत. आमच्या भागात ट्रॅक्टरला केनी लावून पात्र खरवडतात, रात्री हायवा ट्रक भरतात. वाळू उपशाच्या बातम्या आपल्या पेपरात आठवड्याला येतात, जप्तीचे फोटो येतात. पण हे काम करणारा माणूस, त्याची पाण्यात उभी राहायची ढब, ओल्या वाळूचा आणि सुकल्या वाळूचा वेगळा रंग, हे कुणी चितारलेले मी आमच्याकडे पाहिलेले नाही. सिस्लेला ते चितारण्याजोगे वाटले. त्याने गावाची नदी रंगवली ती गाव जसे तिच्याबरोबर राहत होते तशी, वाळूसकट आणि पुरासकट. त्याआधी १८७२ च्या पुरातही तो याच गावात चित्रे काढत होता. एका लहानशा गावाला असा माणूस मिळाला, म्हणून आज आपण गंगाखेडात बसून पोर्ट-मार्लीचे नाव घेतो.

आमच्या भिंतींवर काय आहे? सुशोभीकरणाची कामे निघतात. कंत्राटदार चौरस फुटावर दर ठरवतो आणि व्हॉट्सॲपवर नमुना पाठवतो. नमुन्यात बर्फाचे डोंगर असतात, सूचिपर्णी झाडे असतात, उतरत्या छपराचे, धुराड्याचे घर असते आणि समोर निळ्याशार पाण्यात पांढरे हंस. गोदाकाठच्याच एका गावात मला असे काम मिळाले होते. मी विचारले, इथली नदी काढू का, घाट काढतो, पूल काढतो, भोई जाळे टाकताना काढतो. उत्तर आले, नमुन्याप्रमाणेच पाहिजे. मी नमुन्याप्रमाणे केले, माझे घर त्यावर चालते. रंगवत असताना एक शाळकरी पोरगी दप्तर घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “पेंटरमामा, हे कुठलं गाव हाय?” भिंतीच्या मागे शंभर पावलांवर गंगा वाहत होती.

मला या गोष्टीचे दुःख आहे आणि ते मी इथे उघड लिहितो. पैठणला नाथांची समाधी गोदेच्या काठी आहे, गंगाखेडला जनाबाईंचा जन्म, नांदेडला घाटांची रांग आणि गुरुद्वारा. पैठणपासून धर्माबादपर्यंत मराठवाड्याचे जगणे या नदीच्या काठाने गेले आहे आणि भिंतींवर मात्र ती नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत राजे आहेत तसे पाणके, दासी, फेरीवाले, हत्ती आणि हंससुद्धा आहेत. पण ते हंस पाहून काढलेले आहेत, त्यांच्या मानेला वळण आहे. पाहून काढायची ही रीत आपल्या मुलखात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे. ती फ्रान्समधून आणायची गरज नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. गोदाकाठच्या नगर परिषदा आणि ग्रामपंचायती जेव्हा भिंतीचे काम काढतील तेव्हा नमुना पाठवू नये. पेंटरला नदीवर बसून कच्चे चित्र करू द्यावे आणि त्या बसण्याचीही मजुरी द्यावी, कारण ते कामच आहे. पूर जिथवर आला होता ती पातळी आणि ते वर्ष त्याच भिंतीवर ठळक अंकांत लिहावे; चित्रही होईल आणि पुढच्या पिढीला घर कुठे बांधू नये हेही कळेल. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी पोरे गावोगाव आहेत. त्यांच्या सरांनी महिन्यातून एकदा तरी वर्ग नदीवर न्यावा. परीक्षेच्या स्मरणचित्रात घाट आला, तर निदान खरा घाट त्यांच्या स्मरणात असेल.

आणि आपल्या पुरवणीत ते वाळूच्या ढिगांचे चित्र छापावे, शक्य झाल्यास पुराच्या चित्रापेक्षा मोठे. खाली गावाचे, नदीचे नाव आणि माणसे काय काम करत आहेत ते लिहावे. शेजारी आमच्या भागातल्या वाळूवाल्यांचा, दिवसाउजेडी काढलेला, जप्तीचा नसलेला एक फोटो छापता आला तर फार बरे होईल.

गंगाखेडपुरते सांगायचे तर घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक लांब भिंत नव्या गिलाव्याची आहे आणि अजून कोरी आहे. पावसाळ्यात तिच्यात ओल भरते, त्यामुळे दिवाळीआधी तिला हात लावता येणार नाही. भिंत वाळल्यावर परवानगी मिळाली तर नेहमीच्या फुटाच्या दराने मी ती रंगवीन, कच्च्या चित्रांचे काही घेणार नाही. ज्या पोरांना बरोबर यायचे आहे त्यांनी सकाळी सात वाजता घाटावर यावे, दहानंतर ऊन सरळ होते आणि पाण्यातला रंग उडतो. कागद आणि तो लावायची पाटी स्वतःची आणावी, रंग माझ्याकडे आहेत.

आपला नम्र,
एक बोर्ड पेंटर,
गंगाखेड, जि. परभणी